डब्यांची चाकं बदलताना : मॉडेल रेल्वेवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मॉडेल रेल्वे चालवणारे आम्ही मोजकेच. कुणाचा डबा घसरायला लागला की फोन फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो आणि पहिलाच प्रश्न असतो, "चाकं कुठली घालू?" तीच तीच उत्तरं देऊन झाली, म्हणून एकदाची लिहून काढली. मुख्यतः एचओ मापाबद्दल लिहिलंय (१:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी), कारण माझ्या ओळखीत बहुतेकांकडे तेच आहे. एन या त्याहून लहान मापाच्या गाड्यांसाठी खाली एक वेगळा प्रश्न आहे.

शब्दांचा एक खुलासा. आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो. इथे बोगी म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा सांगाडा. मालगाडीच्या डब्याला जुन्या पद्धतीनं वाघीणच म्हटलंय. माझ्या पुतणीला या छंदातला तेवढा एकच शब्द आवडतो.

डबा सारखा घसरतो. चाकं बदलली की थांबेल का?

थांबेलही, पण आधी बघा घसरतोय कुठं. सगळे डबे एकाच जागी घसरत असतील तर दोष रुळाचा. चाकांवर पैसे घालवू नका. एकच डबा जागा बदलून बदलून घसरत असेल तर त्याला उलटा करा आणि व्हर्नियर काढा. व्हर्नियर नसेल तर मागून आणा. कोल्हापुरात आजूबाजूच्या चार घरांत एक तरी माणूस शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला असतोच.

मोजायचं ते एका आसावरच्या दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर. एचओमध्ये ते साधारण १४.४ ते १४.५ मिमी असावं. कमी असेल तर सांध्यावर (जिथं एका मार्गातून दुसरा फुटतो तिथं) चाकाची पाठ चेकरेलला, म्हणजे रुळाच्या आतून लावलेल्या जादा पट्टीला, अडते आणि चाक वर चढतं. जास्त असेल तर फ्लँज (चाकाची आतल्या बाजूची उंच कड) सांध्याच्या फुलीच्या, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेच्या, टोकावर आदळते. दोन्ही वेळा आपल्याला दिसतं एकच, डबा आडवा. माझ्याकडे आलेल्या "चाकं खराब झालीत" या तक्रारींपैकी अर्ध्याहून जास्त तक्रारी इथेच मिटल्या. चाकं चांगलीच होती, फक्त आसावर सरकलेली होती. चाक बोटांत धरून पिळत पिळत हलकेच ओढायचं किंवा दाबायचं आणि परत मोजायचं. दोन्ही बाजूंनी सारखं सरकवा, नाहीतर अंतर बरोबर येतं आणि चाकं मात्र एका अंगाला जातात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे बोगीचा स्क्रू आवळून बसवलेला असणं. एक बोगी फक्त वळेल इतकी आवळा; दुसरी वळेलही आणि डावी-उजवीकडे थोडी डुलेलही इतकी ढिली ठेवा. तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही, तसाच हा प्रकार. हे दोन्ही करून डबा घसरतच असेल तर पुढे वाचा.

प्लास्टिकची चाकं काढून धातूची घालावीत का?

घालावीत. स्वस्त डब्यांबरोबर येणारी प्लास्टिकची चाकं कधीकधी नीट गोल नसतात, साच्याचा सांधा त्यांच्यावर उमटलेला असतो आणि त्यांच्यावर काळा चिकट थर लवकर धरतो. तोच थर मग रुळावर पसरतो आणि इंजिन अडखळायला लागतं. धातूच्या चाकांनी वजनही खाली, रुळाजवळ येतं, म्हणजे हवं तिथं. शिवाय रुळांच्या जोडावरून जाताना ती खटक-खटक वाजतात. प्लास्टिकची नुसती सरकतात. खरं सांगायचं तर माझ्या पहिल्या बारा आसांचे पैसे त्या आवाजासाठीच गेले.

पण धातूची चाकं म्हणजे वजनाला पर्याय नाही. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेची (स्थापना १९३५) वजनाबद्दलची शिफारस मेट्रिकमध्ये आणली तर एचओ डब्याला मुळातले २८ ग्रॅम आणि लांबीच्या दर सेंटिमीटरला सुमारे ५.६ ग्रॅम. १५ सेंमीची वाघीण ११२ ग्रॅमच्या आसपास हवी. आपला आयसीएफ, म्हणजे जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा, खऱ्यात २१.३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये साडेचोवीस सेंमी. त्याला १६५ ग्रॅम. घरचा किचनचा काटा पुरतो. गुजरीत ओळखीचा सराफ असेल तर तोही तोलून देतो, वर "ही चांदी कुठली?" असं विचारतो ते वेगळं.

पाकिटावर आसाची लांबी लिहिलेली असते. ती एवढी महत्त्वाची आहे का?

सगळ्यात महत्त्वाची तीच, आणि लोक सगळ्यात कमी बघतात तीही तीच. व्यास चुकला तर डबा विचित्र दिसतो. लांबी चुकली तर डबा चालतच नाही.

एचओच्या आसाला दोन्हीकडे सुईसारखं टोक असतं आणि ते बोगीच्या आतल्या बाजूच्या शंकूच्या आकाराच्या खळग्यात टेकतं. टेकतं म्हणजे फक्त टोक टेकतं, म्हणून घर्षण नगण्य. आस लांब झाला तर बोगीच्या बाजू फाकतात आणि चाक ब्रेक लागल्यासारखं उभं राहतं. आखूड झाला तर टोक खळग्याच्या तळाशी न टेकता उतारावर घसरून बसतं. मग डबा खाली बसतो, कपलिंग खाली येतं, आस तिरका होतो आणि वळणावर फ्लँज रूळ चढते.

अमेरिकन डब्यांच्या आसाची लांबी बहुधा २५ ते २६ मिमी, युरोपियन डब्यांची साडेचोवीसच्या आसपास, ब्रिटिश ओओ (१:७६) मापाच्या डब्यांची २६ च्या आसपास असते. हे "साधारण" आहे, यावर विसंबून ऑर्डर देऊ नका. जुना आस टोकापासून टोकापर्यंत मोजा. व्हर्नियरचे जबडे टोकावर दाबू नका, टोक बोथट होतं. नुसता स्पर्श होऊ द्या. नवा आस बसवल्यावर बोटानं आडवा हलवून बघा. दोन-तीन दशांश मिलिमीटर हलला तर ठीक. मग चाकाला टिचकी मारा. चांगलं चाक फिरत राहतं आणि थांबताना किंचित मागं झुलून थांबतं. वाईट चाक एकदम थांबतं.

खळग्यात साच्याची कुसळं राहिलेली असतील तर त्यासाठी दोन्हीकडे धारदार टोक असलेलं, आसाच्याच लांबीचं एक छोटं हत्यार मिळतं. ते आसाच्या जागी बसवून बोटांनी दोन-तीन वेळा फिरवायचं, बस्स. त्याची धार ६० अंशांची असते, लेथच्या सेंटरइतकीच, त्यामुळे उद्यमनगर या आमच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या टर्नरला काय हवंय ते सांगावं लागत नाही. पाच-सहा वेळा फिरवलंत तर खळगा खोल होऊन तोच आस आखूड पडतो. मी दोन बोग्या अशाच घालवल्या आहेत.

कुठल्या डब्याला किती व्यासाची चाकं?

इथे आपल्या रेल्वेवाल्यांचं नशीब चांगलं आहे. आयसीएफ आणि एलएचबी (नव्या पद्धतीचे) दोन्ही डब्यांचं नवं चाक ९१५ मिमी असतं. अमेरिकन ३६ इंची चाक म्हणजे ९१४ मिमी. म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसचा डबा करत असाल तर अमेरिकन पाकिटावर ३६ इंच लिहिलेलं बिनधास्त घ्या. मॉडेलमध्ये ते १०.५ मिमी भरतं.

बॉक्सएन या वरून उघड्या वाघिणीचं चाक मात्र नवं असताना १००० मिमी, म्हणजे १:८७ मध्ये साडेअकरा. तिला युरोपियन ११ मिमीचं चाक घाला. खरं चाक झिजत झिजत ९०६ मिमीपर्यंत वापरतात, तेव्हा ११ मिमी म्हणजे अर्धी झिजलेली वाघीण. कुणी चूक काढलीच तर हे उत्तर द्या. अमेरिकन वाघिणींत ७० टनीला ३३ इंची (९.६ मिमी) आणि १०० टनीला ३६ इंची चाक असतं. ब्रिटिश ओओ (१:७६) मध्ये वाघिणींना साडेबारा आणि प्रवासी डब्यांना १४ मिमीच्या आसपासची चाकं येतात.

व्यास बदलला की डब्याची उंची बदलते. ३३ च्या जागी ३६ घातलं तर डबा ०.४४ मिमी उचलला जातो. ऐकायला काहीच नाही, पण कपलिंगला तेवढं पुरतं. एचओत कपलिंगचा मध्य रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिमीवर हवा. उंच झाला तर डब्याचा तळ आणि कपलिंग यांच्या मध्ये पातळ पत्री घाला, खाली गेला तर बोगी आणि डब्याच्या मध्ये वॉशर. त्याआधी चाक ब्रेकच्या ठोकळ्याला किंवा डब्याच्या तळाला घासत नाही ना, तेही बघा.

आपली रेल्वे ब्रॉडगेज आहे. मग १६.५ मिमीच्या रुळावर ती चुकीची नाही का दिसत?

दिसते. १६.५ गुणिले ८७ म्हणजे १४३५ मिमी, जगातलं स्टँडर्ड गेज. आपलं १६७६. हिशेबानं रुळांमध्ये १९.३ मिमी हवेत. तेवढं करायचं तर रूळ, सांधे, इंजिनांचे आस सगळं हातानं करावं लागेल. मी करत नाही. डबा बाजूनं बघा, समोरून बघू नका.

आणि मीटरगेज?

मिरज–कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला तो मीटरगेजच. ती गाडी करायची असेल तर १:८७ मध्ये १२ मिमीचा रूळ वापरतात आणि त्याचे आस वेगळे मिळतात. १६.५ च्या आसावर चाकं आत सरकवून भागवू नका. बोगीची रुंदी तेवढीच राहते आणि सगळं हास्यास्पद दिसतं.

कोड ११० आणि कोड ८८ म्हणजे काय? कुठलं घ्यावं?

हे चाकाच्या जाडीचे आकडे आहेत, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड ११० म्हणजे २.७९ मिमी जाड, कोड ८८ म्हणजे २.२४ मिमी. खऱ्या चाकाच्या प्रमाणात दोन्ही जाडच आहेत, पण ८८ डोळ्याला बरं वाटतं, विशेषतः बाजू उघड्या असणाऱ्या वाघिणींना.

तरी माझं उत्तर ११० आहे. बाजारातल्या सांध्यांची फुली ११० ला धरून केलेली असते. तिथल्या खाचेवरून जाताना ८८ चं चाक आधार सुटून खाली टपकतं आणि परत वर येतं. चार चाकं, चार ठोके, आणि हलका डबा असेल तर त्यातल्या एका ठोक्याला तो घसरतो. तुमचे सांधे हातानं बांधलेले, खाच अरुंद ठेवलेली असेल तर ८८ घाला.

रुळांनाही कोड असतो, त्याचा याच्याशी घोळ करू नका. कोड १०० रूळ म्हणजे २.५४ मिमी उंच, कोड ८३ म्हणजे २.१ मिमी. त्याचा संबंध फ्लँजशी येतो. एनएमआरएच्या आरपी-२५ या शिफारशीतल्या आकाराच्या, कोड ११० च्या चाकाची फ्लँज ०.६४ मिमी असते. ती कमी उंचीच्या रुळांवरही चालते. जुन्या युरोपियन आणि ब्रिटिश खेळण्यांच्या फ्लँजा याच्या दुप्पटही खोल असतात. त्या बुटक्या रुळाला धरून ठेवणाऱ्या खुंट्यांवर घासतात आणि सगळी गाडी टरटरत जाते. मामांनी परदेशातून आणलेला चाळीस वर्षांपूर्वीचा सेट माळ्यावरून काढला असेल तर त्याची चाकं बदलणं हे पहिलं काम.

उद्यमनगरात लेथवर चाकं करून घेता येतील ना? आपल्याकडे इंजिनांचे पार्ट होतात, एवढंसं चाक होणार नाही?

हा खास कोल्हापुरी प्रश्न आहे आणि मीही तो स्वतःला विचारला होता. पितळी सळी दिली, चित्र काढून दिलं, चाळीस चाकं सांगितली. टर्नर मामांनी चित्र बघितलं, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "साहेब, एवढ्याशा चाकाला पकडू कुठं?"

चाकं झाली, चमकत होती, आणि रुळावर ठेवल्यावर एकूण एक डगमगली. चूक त्यांची नव्हती, माझ्या चित्राची होती. भोक, चाकाची धाव (रुळावर टेकणारा भाग) आणि फ्लँज एकाच पकडीत व्हायला हवी हे मी लिहिलंच नव्हतं. त्यांनी आधी भोकं पाडून तुकडे कापले, मग ते दुसरीकडे धरून बाहेरून टर्न केले. पकड बदलली की मध्य हलतो, आणि दहा मिमीच्या चाकात एक दशांश मिमीचा फरकही डोळ्याला दिसतो. शिवाय आरपी-२५ चा वळणदार आकार साध्या टूलनं येत नाही. त्यासाठी टूलच त्या आकाराचं घासून घ्यावं लागतं. एवढं केल्यावर चाक आसापासून विजेला तोडायचं, म्हणजे मध्ये प्लास्टिकचं बूच बसवायचं आणि तेही मध्यावर. शंभरेक चाकं एकदम करायची असतील, टूल घासून देणारा माणूस हाताशी असेल आणि वेळेची घाई नसेल तर जमतं. बारा आसांसाठी पाकीट विकत घ्या.

उद्यमनगराचा खरा उपयोग दुसऱ्या दोन गोष्टींसाठी आहे. एक, पितळी बुश. बोगीचे खळगे झिजले असतील तर २ मिमी व्यासाचे छोटे पितळी कप बसवता येतात. ओओवाल्यांकडे ते तयारही मिळतात. दुसरी गोष्ट मी प्रत्येकाला करून घ्यायला सांगतो : गो–नो गो गेज. पितळेचा एक चपटा ठोकळा, एका टोकाला १४.४० मिमी जाड, दुसऱ्या टोकाला १४.५५. पहिलं टोक दोन चाकांच्या मध्ये गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. व्हर्नियरनं आठ डब्यांची बत्तीस आसं मोजायला संध्याकाळ जाते, या ठोकळ्यानं चहा निवायच्या आत होतं. त्या मामांनीच तो करून दिला, आणि तो बरोब्बर आहे.

नवी धातूची चाकं घातली आणि गाडी उभी राहिली, कंट्रोलर शॉर्ट दाखवतोय.

दोन रुळांत वेगवेगळी वीज असते, त्यामुळे आसावरचं निदान एक चाक इन्सुलेटेड हवं. मल्टिमीटरनं चाकापासून चाकापर्यंत तपासा. आवाज आला तर तो आस बाद. मार्कलिन या जर्मन कंपनीच्या एसी पद्धतीच्या गाड्यांची चाकं इन्सुलेटेड नसतात. ती स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेला एक मित्र मला माहीत आहे.

चाकं ठीक असूनही शॉर्ट होत असेल तर बोगी धातूची आहे का बघा. धातूच्या बोगीत दोन्ही आसांची इन्सुलेटेड चाकं एकाच बाजूला हवीत. एक आस उलटा बसला की वीज बोगीतून या रुळावरून त्या रुळावर जाते. प्लास्टिकच्या बोगीत ही भानगड नाही.

दिवे असलेल्या डब्यात चाकांवर पत्री टेकवून वीज घेतलेली असते; तिथे नवी चाकं घेताना ती पत्री चाकाच्या पाठीवर टेकते की आसावर, हे आधी बघून घ्या.

चुंबकावरून जाताना डबे आपोआप सुटतात किंवा झटका बसतो, तो का?

आस लोखंडी असेल म्हणून. केडी कंपनीसारख्या, चुंबकानं उघडणाऱ्या कपलिंगसाठी रुळांत चुंबक बसवतात आणि पोलादी आस त्याकडे ओढला जातो. डबा किंचित पुढे धावतो, कपलिंग सैल पडतं आणि तेवढ्यात चुंबक त्याला उघडतं. विकत घ्यायच्या आधी फ्रिजवरचा चुंबक आसाला लावून बघा. चिकटला तर तुमच्या लेआउटवर चुंबक आहेत का, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्या पावसाळ्यात चाकं गंजतात का?

पितळेवर निकेलचा मुलामा असलेली चाकं वर्षानुवर्षं टिकतात. काळ्या रंगाची पितळी चाकं धावेवर हळूहळू पिवळी होतात, काही बिघडत नाही. पोलादी आसाची टोकं मात्र जुलै-ऑगस्टमध्ये गंज धरतात. आमच्याकडे भिंतीला ओल येते, म्हणून डबे प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवतो. तेल घालू नका. तेलावर धूळ बसून लगदा होतो आणि काही तेलं प्लास्टिकही खातात. अगदीच वाटलं तर ग्रॅफाइटची चिमूटभर पूड. चाकं पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या बनियनचा तुकडा.

चाकांना रंग द्यायचा का?

चकचकीत चाकं गाडीचा सगळा देखावा घालवतात, तेव्हा द्या. गंजट तपकिरी मॅट रंग, चाकाचा चेहरा आणि पाठ दोन्हीकडे. धावेवर आणि आसाच्या टोकावर रंग लागू देऊ नका. धावेवर लागलाच तर ओला असतानाच पुसा.

एन मापाला हेच सगळं लागू आहे का?

तत्त्व तेच, आकडे वेगळे. रूळ ९ मिमी, १:१६० मध्ये ३३ इंची चाक ५.२ मिमी आणि ३६ इंची ५.७ मिमी. तिथला मोठा प्रश्न फ्लँजचा. जुन्या डब्यांना खोल फ्लँज येते. काही कंपन्यांच्या कोड ५५ रुळावर ती खुंट्यांवर खडखडते. पेकोच्या कोड ५५ ला त्रास नाही, कारण तो रूळ स्लीपरमध्ये खोल गाडलेला असतो. तेव्हा आधी रुळाची कंपनी सांगा, मग चाक सुचवतो.

सगळ्या डब्यांची चाकं एकदम बदलू का?

एकदम विकत घ्या, एकदम बदलू नका. पाकिटात बहुधा बारा आस येतात, म्हणजे चार आसांचे तीन डबे. पार्सल मागवायचंच तर डब्यांची यादी करून एकदाच मागवा. पण घालताना आधी एकाच डब्याला घाला. टेबलावर मीटरभर लांब काच ठेवा आणि एक टोक उचलत जा. माझे चांगले डबे सेंटिमीटरभर उचललं की आपले आपण चालू लागतात; जुन्या प्लास्टिकच्या चाकांना तीन सेंटिमीटरपर्यंत उचलावं लागायचं. नवा डबाही तीनलाच हलत असेल तर उरलेलं पाकीट उघडू नका, लांबी चुकली आहे.

जमलं की डब्याच्या पोटाला कागदाची छोटी पट्टी चिकटवून त्यावर आसाची लांबी, व्यास आणि महिना लिहून ठेवा. जुनी चाकं टाकू नका. यार्डच्या कोपऱ्यात थोडा गंजट रंग मारून ढिगानं ठेवली की मिरज यार्डासारखी दिसतात.